रोझीला कोल्हा दिसतच नाही

रोझी नावाची कोंबडी खुराड्यातून बाहेर पडते, शेतावर एक फेरी मारते आणि जेवणाच्या वेळेला घरी परतते. पॅट हचिन्स यांच्या ‘रोझीज वॉक’ या चित्रपुस्तकात एवढंच लिहिलं आहे. मूळ इंग्रजी मजकूर अवघा ३२ शब्दांचा, तोही एकाच वाक्याचा. तरीही १९६८ सालचं हे पुस्तक ऐकताना लहान मुलं खदखदून हसतात, कारण शब्दांत जो कुठेच नाही तो चित्रांत आहे. रोझीच्या मागोमाग, तोंडाला पाणी सुटलेला एक कोल्हा चालतो आहे.

अंगणात तो झेप घेतो आणि त्याचा पाय नेमका दाताळ्यावर पडतो. दांडा खाडकन नाकावर! पुढे तळ्यात डुबकी, मग गवताच्या गंजीत गडप, मग गिरणीपाशी अंगावर पिठाची रास. कुंपणाशी झेप चुकते आणि तो थेट गाड्यात पडतो. गाडा घरंगळत जाऊन मधमाश्यांच्या पेट्या उलथवतो. शेवटी माश्या पाठीमागे आणि कोल्हा पुढे. रोझी मात्र मान ताठ ठेवून आपली चालतेच आहे.

या गमतीची बांधणी फार विचारपूर्वक केलेली आहे. एका जोडपानावर कोल्हा झेपावलेला दिसतो; पान उलटलं की फजिती, आणि तिथे एकही शब्द नाही. ती मोकळी जागा मुलाच्या ओरडण्यासाठी ठेवली आहे. पान उलटण्याआधीच मूल पुढचं दाताळं किंवा तळं हेरतं आणि वाचणाऱ्याला बोटाने दाखवतं.

ही मजा साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास विशेष रंगते. १९८३ मध्ये हाइन्झ विमर आणि योझेफ पेर्नर या मानसशास्त्रज्ञांनी मुलांना एका मुलाची गोष्ट सांगितली. तो चॉकलेट एका कपाटात ठेवून खेळायला जातो, आणि मागे आई ते दुसऱ्या कपाटात हलवते. परत आल्यावर तो कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं बहुधा चॉकलेट जिथे खरोखर आहे ती जागा सांगतात. चार-पाच वर्षांची मुलं मात्र ओळखू लागतात, की आपल्याला जे ठाऊक आहे ते त्याला ठाऊक नाही. रोझीची गोष्ट याच नव्या समजुतीला खाऊ पुरवते. घरात सगळं मोठ्यांनाच कळत असतं. इथे मुलाला कळतं आणि कोंबडीला कळत नाही!

म्हणून हे पुस्तक मराठीतून सांगणाऱ्या आईबाबांनी किंवा आजीने एक पथ्य जरूर पाळावं. ‘कोल्हा’ हा शब्द आपण उच्चारायचा नाही. मुलानेच तो दाखवावा, आणि आपण तो दिसलाच नाही असं भासवावं. समजावून सांगितलं की हसू तिथेच विरतं. थोडी मोठी मुलं तर वेगळाच वाद घालतात: रोझीला खरंच काही माहीत नव्हतं, की ती मुद्दाम त्याला या वाटेने फिरवत होती? चित्रं दोन्ही बाजूंना वाव देतात, त्यामुळे निकाल देण्याची घाई नको.

गोठ्यातल्या गमतीचा दुसरा झरा म्हणजे उलटापालट. मार्टिन वॉडेल यांच्या ‘फार्मर डक’मध्ये (१९९१) शेतकरी अंथरुणात लोळतो आणि बदक राबतं, अखेर बाकीची जनावरं मिळून त्या आळशाला हाकलून देतात. डोरीन क्रोनिन यांच्या ‘क्लिक, क्लॅक, मू’मध्ये (२०००) गाईंना जुनं टंकलेखनयंत्र सापडतं. थंडी वाजते म्हणून त्या विजेवर तापणारी पांघरुणं मागतात आणि मिळेपर्यंत दूध बंद करतात. कोंबड्याही संपात उतरतात. पांघरुणांच्या बदल्यात टंकलेखनयंत्र परत करायचं ठरतं, ते पोचवण्याचं काम बदकाकडे येतं. पण यंत्र काही शेतकऱ्यापर्यंत पोचत नाही. त्याच्या हाती पडते बदकांची चिठ्ठी: तळ्यावर कंटाळा येतो, सूर मारायला फळी हवी.