दातांच्या तारा निघाल्यानंतर

आंब्याचे कलम लावले की माळी त्याच्या शेजारी एक काठी रोवतो आणि सैलसर दोरीने रोप तिला बांधून ठेवतो. रोप सरळ दिसू लागले म्हणून दुसऱ्याच दिवशी काठी उपटणारा माळी शहाणा गणला जात नाही. कारण रोप तेव्हा काठीच्या बळावर उभे असते, मुळांच्या नव्हे. वाकडे दात सरळ करून घेणारी पुष्कळ कुटुंबे मात्र नेमकी हीच घाई करतात.

बीदर व कलबुर्गी या दोन्ही शहरांत आज दंतमहाविद्यालये आहेत. भालकीहून बीदर काय किंवा आळंदहून कलबुर्गी काय, अंतर सुमारे ४० किलोमीटरचे. तारा बसवलेल्या मुलाला दरमहा बसने न्यायचे, त्याची शाळा बुडवायची, वडिलांनी रजा टाकायची, असे दीड-दोन वर्षे चालते. अखेर तारा निघतात, दात ओळीने शोभू लागतात आणि घरात आनंदीआनंद होतो. त्याच दिवशी दंतवैद्याने हाती दिलेली लहानशी डबी मात्र पंधरा दिवसांत कपाटात जाऊन पडते. त्या डबीत असतो रिटेनर, म्हणजेच दातांच्या रोपाची काठी.

ही काठी का लागते? दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. दाताचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा एक पडदा असतो. त्याची जाडी साधारण पाव मिलिमीटर. तारेने सतत हलका दाब दिला की दात ज्या बाजूस सरकतो तेथील हाड झिजते, आणि मागे सुटलेल्या जागी नवे हाड भरू लागते. तारा निघतात तेव्हा हे नवे हाड कच्चे असते. मुळाभोवतीचे तंतू नव्या जागी रुळण्यास तीन-चार महिने लागतात, हिरडीतील तंतूंना चार ते सहा महिने. आणि हिरडीतलेच काही लवचीक तंतू तर वर्ष उलटले तरी ताणलेल्या रबरासारखे दाताला जुन्या जागेकडे ओढत राहतात. पीळ पडलेला दात सरळ केला असेल, तर ही ओढ अधिकच जाणवते.

रिटेनर मुख्यतः तीन प्रकारचे असतात. पहिला टाळूला बसणाऱ्या पट्टीचा आणि पुढच्या दातांवरून जाणाऱ्या पोलादी तारेचा. अमेरिकन दंतवैद्य चार्ल्स हॉली यांच्या नावाने तो शतकभर ओळखला जात आहे. दुसरा पारदर्शक, दातांवर टोपीसारखा चढणारा. तिसरा म्हणजे पुढच्या दातांच्या मागील बाजूस चिकटवलेली बारीक तार. ती काढघाल करावी लागत नाही, पण तिच्याभोवती कीटण साचू नये म्हणून स्वच्छता काटेकोर हवी. अशी तार असलेल्याने ऊस दातांनी सोलण्याचा मोह आवरावा.

किती दिवस वापरायचा, हा प्रश्न सर्वच पालक विचारतात. सामान्यतः पहिले काही महिने जेवण व दात घासण्याची वेळ सोडून दिवसरात्र, आणि नंतर केवळ रात्री, असा क्रम असतो. नेमका काळ दंतवैद्यच ठरवतो. वॉशिंग्टन विद्यापीठातील रॉबर्ट लिटल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली ६५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रिटेनर बंद करून किमान १० वर्षे लोटल्यावर खालचे पुढचे दात समाधानकारक ओळीत राहिलेले रुग्ण एकतृतीयांशाहूनही कमी निघाले. शिवाय ज्यांना कधी तारा लागल्याच नाहीत, त्यांचेही खालचे दात वयपरत्वे दाटी करू लागतात. म्हणूनच अनेक दंतवैद्य आज रात्रीचा रिटेनर वर्षानुवर्षे चालू ठेवण्यास सांगतात.

त्याची निगा अवघड नाही. तो थंड पाण्याने व मऊ ब्रशने धुवावा. उकळते पाणी त्याला वर्ज्य, कारण उष्णतेने त्याचा आकार बिघडतो. वैशाखात कलबुर्गीचा पारा ४० अंशांपलीकडे जातो. अशा वेळी उन्हात उभ्या मोटारीत तो ठेवू नये. लग्नाच्या पंगतीत काढून कागदात गुंडाळलेला रिटेनर उष्ट्या पत्रावळीबरोबर नाहीसा होतो, याकरिता त्याची डबी नेहमी जवळ बाळगावी. काही दिवस खंड पडल्यावर तो घट्ट लागला, पण पुरता बसला, तर पुन्हा नियमाने वापरावा. पुरता बसतच नसेल तर जोर न करता दंतवैद्य गाठावा. चिकटवलेली तार एका टोकाला सुटली तरी दुखत नाही, म्हणून ती अधूनमधून तपासून घेणे बरे.

दात पुन्हा वाकडे झाले तर तोच प्रवास, तोच खर्च आणि त्याच तारा नव्याने नशिबी येतात. दोन वर्षांच्या कष्टांचे फळ राखायचे, तर रात्री निजण्यापूर्वी एक क्षण पुरतो. मुलाच्या उशाशी ती डबी दिसते की नाही, एवढे घरातल्या वडीलधाऱ्यांनी पाहिले, तरी पुष्कळ झाले.