कातडी, केस, नखे आणि काही डाग

दाढी करताना वस्तरा नुसता घासून गेला, तर चरचरते पण रक्त येत नाही. जरा जास्त टेकला की मात्र रक्ताचा टिपूस वर येतो. एवढ्यावरून कातडीची निम्मी रचना कळते. वरचा थर, म्हणजे बाह्यत्वचा, यात रक्तवाहिन्या नाहीतच. त्या आहेत खालच्या अंतस्त्वचेत. आणि घामाच्या व तेलाच्या ग्रंथी, केसांची मुळे, स्पर्श कळवणारे मज्जातंतू, असा सगळा संसार तिथेच मांडलेला आहे. त्याच्याखाली चरबीचे अस्तर.

बाह्यत्वचेच्या तळाशी नव्या पेशी सतत तयार होत असतात. त्या जुन्यांना वर ढकलतात. वर येता येता पेशीत केराटिन नावाचे चिवट द्रव्य साठते, पेशी मरते आणि शेवटी गळून पडते. या प्रवासाला साधारण चार आठवडे किंवा थोडे अधिक लागतात. आंघोळीच्या वेळी पाठ चोळून जो मळ निघतो, त्यात धुळीबरोबर थोडेसे आपणही असतो म्हणायचे! हा थर पापणीवर कागदाहून पातळ, तर तळपायावर दीड मिलिमीटरपर्यंत जाड असतो.

याच तळच्या पेशींमध्ये रंग बनवणाऱ्या काही पेशी बसलेल्या असतात. त्या मेलॅनिन नावाचे काळपट द्रव्य करून आजूबाजूच्या पेशींना वाटतात. गंमत अशी, की गोऱ्या आणि काळ्या माणसात या पेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. फरक पडतो तो त्या किती आणि कसा रंग करतात एवढाच. ‘गोरी वधू पाहिजे’ असे छापणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हरकत नाही.

केस आणि नखे हीही केराटिनचीच. जिवंत भाग तेवढा कातडीखाली. वर दिसते ते निर्जीव, म्हणून तर न्हाव्याकडे आपण निर्धास्त बसतो. जावळ काढले की केस दाट येतात, ही समजूत खरी नाही. मुळाला वस्तऱ्याची वार्ताही नसते. डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात, ते महिन्याला सेंटिमीटरभर वाढतात आणि रोज पन्नास ते शंभर गळतातही. मोठ्या तापानंतर किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी केसांचे पुंजके हातात येऊ लागले, तर घाबरून जाऊ नये. त्या धक्क्याने पुष्कळ केस एकदमच विश्रांतीला गेलेले असतात. ते बहुधा परत येतात. नखांवरही आजाराची आडवी खाच उमटते. बोटाचे नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढते, तेव्हा खाच कुठवर सरकली आहे ते पाहून आजार कधी झाला याचा अंदाज बांधता येतो. नखावरचे पांढरे ठिपके मात्र बहुतेक वेळा किरकोळ मार लागल्याचे असतात, कॅल्शियम कमी झाल्याचे नव्हे.

आता कातडीच्या तक्रारींकडे वळू. नायटा गोल का असतो? ती एक बुरशी आहे. ती केराटिन खात बाहेर बाहेर पसरते आणि मधला भाग निवळत जातो. इथे एक इशारा दिलाच पाहिजे. दुकानातून आपल्या मनाने आणलेल्या अनेक मलमांत स्टेरॉइड असते. त्याने खाज थांबते, लाली जाते, आपण खूश होतो; बुरशीला मात्र रान मोकळे मिळते. मग नायटा असा पसरतो, की डॉक्टरांनाही चटकन ओळखू येत नाही. खरूज निराळी. ती सूक्ष्म किड्यामुळे होते, बोटांच्या बेचक्यांत धरते आणि रात्री जास्त खाजते. घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी औषध लावले नाही, तर ती घरातच फिरत राहते. नागिणीविषयीची भीतीही सोडून द्यावी. तोंड शेपटीला मिळाले की माणूस दगावतो म्हणतात. पण लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू एखाद्या मज्जातंतूत दडून बसलेला असतो, तो जागा झाला की त्या तंतूच्या वाटेने फोड येतात. तंतू शरीराच्या एकाच अंगाला असतो, म्हणून विळखा सहसा पुरा होत नाही. डोळ्याजवळ नागीण आली तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

पण सर्वांत जास्त माणसे दुखावली ती पांढऱ्या डागाने, आणि याला थोडी भाषाही जबाबदार आहे. ‘कोड’ हा शब्द ‘कुष्ठ’ या शब्दापासून आला. शब्दाचे नाते लोकांनी रोगांवर लादले. प्रत्यक्षात कोडात रंग करणाऱ्या पेशी नष्ट होतात. डाग दुधासारखा पांढरा होतो, स्पर्श शाबूत राहतो आणि ते कोणाला लागत नाही. शिबे ही साधी बुरशी. खरवडले की बारीक कोंडा निघतो. कुष्ठरोगाचा चट्टा फिका किंवा तांबूस असतो, अगदी पांढराशुभ्र कधीच नसतो, आणि तो पुष्कळदा बधिर असतो. कारण त्याचे जंतू मज्जातंतूंवरच घाला घालतात.

माझ्या वर्गातली एक मुलगी भर उन्हाळ्यात लांब बाह्या घालून येई. कोपरावर रुपयाएवढा डाग होता. तो कोडाचा निघाला. पण तोवर तिचे ठरलेले लग्न मोडले होते, आणि मोडणाऱ्यांच्या तोंडी शब्द होता ‘महारोग’. तो असता तरी काय बिघडले असते? हॅन्सनने नॉर्वेत 1873 साली त्याचे जंतू दाखवले, आणि 1982 पासून जी संयुक्त औषधे दिली जाऊ लागली, त्यांनी सहा किंवा बारा महिन्यांत रोग बरा होतो. औषध सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत संसर्गाची भीतीही उरत नाही. तरी 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात हा रोग घटस्फोटाचे कारण म्हणून राहिला तो थेट 2019 पर्यंत.

तेव्हा अंगावर फिका किंवा तांबूस चट्टा दिसला, तर डोळे मिटायला सांगून कापसाचे टोक हळूच टेकवावे. बोट नेमके जागेवर गेले, तर बरे लक्षण, पण तेवढ्यावर निकाल देऊ नये. कळलेच नाही, तर मलम न लावता सरकारी आरोग्य केंद्रात जावे. औषध तिथे फुकट मिळते. उशीर केला तर पुढे चुलीचा चटका बसतो, बोट भाजते, आणि ज्याचे भाजते त्याला पत्ताच नसतो. घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी आधी दिसते.