फुकट नेट आणि खुलं नेट

नेट न्यूट्रॅलिटीचा विषय निघाला की दोन आक्षेप हमखास येतात. एक, तिची बाजू घेणाऱ्यांना इंटरनेट फुकट हवंय. दुसरा याच्या नेमका उलटा: याच लोकांनी गरिबांचं फुकटचं इंटरनेट बंद पाडलं. गंमत अशी की दोन्ही आक्षेप पुष्कळदा एकाच तोंडून ऐकू येतात. या तत्त्वाचा पैसे न देण्याशी मुळात संबंधच नाही. डेटाचे पैसे द्यायचेच आहेत. प्रश्न एवढाच की त्या डेटातून आपण काय पाहतो, कुणाशी बोलतो, कुठल्या दुकानातून माल मागवतो, यावरून मोबाइल कंपनीने दर किंवा वेग बदलावा का. पाण्याचं उदाहरण घ्या. पालघर जिल्ह्यातल्या मासवणच्या पंपांवरून सूर्या नदीचं पाणी उचलून वसई-विरारला जातं. तिथल्या नळाखाली अमुक दुकानातून घेतलेला हंडा लावला तर पाणी माफ आणि तमुक दुकानातला लावला तर पट्टी, असं कुणी ठरवलं तर पहिल्याच दिवशी मोर्चा निघेल. कुणी म्हणेल, कारखान्याचा आणि घराचा पाण्याचा दर वेगळा असतोच की! असतो, पण तो ग्राहकाच्या वर्गावरून ठरतो, हंडेवाल्याशी झालेल्या करारावरून नव्हे. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, जो नियम काढला त्याचं सार हेच आहे. मजकूर पाहून डेटाचा दर बदलायचा नाही, बदलला तर दिवसाला ५० हजार आणि जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड. आणीबाणीच्या प्रसंगी सूट देण्याची मुभा मात्र त्यात ठेवली आहे.

म्हणूनच रिचार्ज महागला की 'कुठे गेली तुमची न्यूट्रॅलिटी?' असं विचारणं गैरलागू आहे. सरकारी आकड्यांप्रमाणे २०१४ साली एक जीबी डेटा सरासरी २६९ रुपयांना पडत होता, पुढे तो दहा रुपयांच्या आसपास आला. ही किमया नियमाची नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ बाजारात उतरली आणि कंपन्यांत चढाओढ लागली, त्याची आहे. जुलै २०२४ मध्ये दर पुन्हा चढले, तेही या नियमात बसूनच. जास्त डेटाला जास्त पैसे, जास्त वेगाला जास्त पैसे, हे सगळं चालतं. वर्षभराच्या पॅकसोबत एखाद्या सिनेमा-मालिकांच्या ॲपची वर्गणी भेट म्हणून दिली तर तेवढ्याने नियम मोडत नाही, कारण ते ॲप पाहताना खर्च होणारा डेटा आपल्याच कोट्यातून जातो. तो डेटा मोजायचाच नाही असं कंपनीने ठरवलं, तर मात्र गोष्ट वेगळी.

आता गरिबांच्या नावाने होणाऱ्या आक्षेपाकडे वळू, कारण तो नीट तपासण्याजोगा आहे आणि त्याचा नायक आपल्या महाराष्ट्रातलाच होता. फेसबुकने फेब्रुवारी २०१५ मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साथीने इंटरनेट डॉट ऑर्ग ही सेवा भारतात आणली. महाराष्ट्र पहिल्या काही राज्यांतलाच. पुढे तिचं नाव फ्री बेसिक्स झालं. डिसेंबर २०१५ मध्ये मार्क झुकरबर्ग यांनी एका इंग्रजी दैनिकात लेख लिहिला आणि त्यात महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचा दाखला दिला. हवामान आणि बाजारभाव त्याला या सेवेतून फुकट कळू लागले, तर यात इंटरनेटचं काय बिघडलं, असा त्यांचा सवाल होता. सवाल बिनतोड वाटतो. पण फ्री बेसिक्स म्हणजे इंटरनेट नव्हे, ती फेसबुकच्या अटींत बसणाऱ्या निवडक स्थळांची यादी होती. अटी तांत्रिक होत्या आणि त्या फेसबुकनेच ठरवलेल्या होत्या. व्हिडिओ नको, इंटरनेटवरून कॉल नको, सगळी ये-जा फेसबुकच्या सर्व्हरमधून. मासवणच्या एखाद्या शेतकऱ्याला उद्या सातबारा काढायचा असेल, मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असेल, बोईसरच्या कारखान्यांतली भरती पाहायची असेल, तर ते स्थळ त्या यादीत असेलच याची हमी कोण देणार? आणि नसलं तर ते नाही हे त्याला कळणार तरी कसं? ज्याला पहिल्यांदाच नेट मिळतंय तो त्या यादीलाच नेट समजणार.

यावर फेसबुकचं उत्तर होतं की या सेवेतून प्रथमच नेटवर आलेले निम्मे लोक महिनाभरात पैसे भरून पूर्ण इंटरनेटकडे वळतात. दावा खरा धरला तरी त्यातून एवढंच निघतं की लोकांना सुरुवातीचा हात हवा होता. तो हात यादीचाच असायला हवा, हे त्यातून निघत नाही. महिन्याला ठरावीक डेटा फुकट द्या, आणि त्याचं काय करायचं ते ज्याचं त्याला ठरवू द्या. ट्रायने स्वतःच डिसेंबर २०१६ मध्ये ग्रामीण ग्राहकांसाठी महिन्याला १०० एमबी फुकट डेटाची शिफारस केली होती. म्हणजे नियमाने फुकट नेट अडवलं नव्हतं, निवडून दिलेलं नेट अडवलं. नियम आल्यावर तीनच दिवसांनी फेसबुकने भारतातली सेवा गुंडाळली. खुला डेटा फुकट वाटायचा रस्ता तेव्हाही मोकळाच होता.

एक आक्षेप तंत्रज्ञांकडून येतो: सगळ्या डेटाला एकाच दावणीला बांधलं तर दूरवरून करायची शस्त्रक्रिया आणि मांजरीचा व्हिडिओ एकाच रांगेत उभे राहतील. तसं होत नाही. २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने परवान्यांत जी दुरुस्ती केली, तिने भेदभावाला मनाई केली, पण विशेष सेवांना वगळलं आणि जाळ्यावर ताण आल्यावर रीतसर नियंत्रण करायची मोकळीक ठेवली. तारापूर एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याने आपल्या यंत्रांसाठी आवारापुरतं खासगी जाळं उभारलं, तर ते सार्वजनिक इंटरनेट नव्हेच. तांत्रिक बाजूचंच बोलायचं तर, मजकूर पाहून दर लावायचा झाला तर कंपनीला आधी तुम्ही कुठे जाता ते पाहावं लागतं, ही बाजू मात्र या चर्चेत फारशी येत नाही. पत्ता ओळखल्याशिवाय 'हे फुकट, ते नाही' हे ठरवता येतच नाही.

आज हा वाद नव्या वेशात आला आहे. मोबाइल कंपन्यांची संघटना म्हणते, व्हिडिओवाल्या बड्या परदेशी कंपन्या आमच्या जाळ्यावर फुकट स्वार होतात, तेव्हा त्यांनी आपला वाटा द्यावा. या कंपन्यांबद्दल कुणाला कळवळा वाटण्याचं कारण नाही. पण 'फुकट' हा शब्द इथे चुकतो. व्हिडिओ पाहणाऱ्याने त्याच्या डेटाचे पैसे आधीच भरलेले असतात, आणि व्हिडिओवाली कंपनी आपल्या सर्व्हरचा, आपल्या जोडणीचा खर्च करतेच. पुष्कळदा ग्राहकाच्या जवळपास साठवणीची यंत्रंही स्वतःच्या खर्चाने बसवते. तोच डेटा दोनदा विकायचा, अशी ही मागणी आहे. दक्षिण कोरियात जाळ्याच्या वापराची अशी आकारणी चालते. तिथून ट्विच ही थेट प्रक्षेपणाची सेवा फेब्रुवारी २०२४ मध्ये बाहेर पडली, आणि तिने कारण दिलं ते हेच: इतर बहुतेक देशांच्या दहापट शुल्क. ट्विच ही ॲमेझॉनची, तरीही तिला ते परवडलं नाही. मराठीत बातम्या देणाऱ्या, पालघरपुरत्या चालणाऱ्या एखाद्या छोट्या स्थळावर उद्या असा भार पडला तर ते किती दिवस टिकेल?

मग जव्हार-मोखाड्यातल्या पाड्यांवर टॉवर कोण उभारणार, हा शेवटचा आणि सर्वांत खरा प्रश्न. तिथे ग्राहक विरळ, डोंगर फार, कंपनीला परवडत नाही हे मान्य. पण त्यासाठीची तरतूद या वादाच्या कितीतरी आधीपासून आहे. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलातले ५ टक्के सार्वत्रिक सेवा निधीत जातात. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याचं नाव डिजिटल भारत निधी झालं. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणारी २०११ सालची योजना, आताची भारतनेट, याच पैशांवर उभी आहे. पाड्यावर रेंज नसेल तर जाब विचारायचा तो या निधीचा आणि त्यातून झालेल्या कामाचा.