राबणे, घडवणे आणि चारचौघांत उभे राहणे

माणूस दिवसभर काय करतो, हा प्रश्न राजकीय तत्त्वज्ञानाने बराच काळ उंबऱ्याबाहेर ठेवला. ॲरिस्टॉटलने तर उघडच सांगितले की, नगराचा कारभार हे स्वतंत्र पुरुषांचे काम. त्यासाठी लागणारी फुरसत घरातल्या स्त्रिया आणि गुलाम पुरवत. आधुनिक युरोपने ही उतरंड उलटवली. जॉन लॉकने १६८९ मध्ये मालमत्तेचा हक्क श्रमाच्या पायावर उभा केला, ॲडम स्मिथने १७७६ मध्ये राष्ट्राच्या संपत्तीचा उगम श्रमात शोधला, आणि मार्क्सला माणसाचे माणूसपणच श्रमात दिसले. काल हलके मानलेले काम आज थोर ठरले. पण सगळीच कामे सारखी असतात का, हे विचारायचे राहून गेले.

ते विचारले जर्मन-ज्यू विचारवंत हाना आरेंट यांनी. १९३३ मध्ये बर्लिनमध्ये अटक, सुटका होताच पॅरिसला पलायन, १९४० मध्ये फ्रान्समधली ग्यूर्सची नजरबंदी छावणी, १९४१ मध्ये न्यूयॉर्क. १९५१ मध्ये अमेरिकेचे नागरिकत्व मिळेपर्यंत त्या कोणत्याच देशाच्या नव्हत्या. ज्याला समाजात उभे राहायला जागा नाही, त्याचे हक्क कागदावरच राहतात, हे त्यांनी सोसून जाणले होते. म्हणून १९५८ च्या ‘द ह्यूमन कंडिशन’ या ग्रंथात त्यांनी केलेली विभागणी मला कोरडी वाटत नाही. पहिला प्रकार श्रमाचा: रांधलेले खाऊन संपते, धुतलेले पुन्हा मळते, देह आहे तोवर हे रहाटगाडगे थांबत नाही. दुसरा निर्मितीचा: टेबल, पूल, पुस्तक, करणारा गेला तरी वस्तू उरते. तिसरा कृतीचा: इतरांसमोर येऊन बोलणे, नवे काही सुरू करणे. कृतीचा शेवट करणाऱ्याच्या हातात नसतो. म्हणूनच वचन आणि क्षमा या दोन गोष्टींना आरेंट राजकारणात मोठे स्थान देतात.

त्यांची तक्रार अशी की, आधुनिक समाजाने सगळ्याला श्रमाचे रूप दिले. न्यायाधीश काय, कवी काय, पोटासाठी काय करता एवढेच विचारले जाते, आणि राजकारण म्हणजे देशाचा घरखर्च सांभाळणे होऊन बसते. यंत्रे श्रम हलका करतील, पण श्रमाखेरीज दुसरे काही ठाऊक नसलेली माणसे त्या मोकळ्या वेळात काय करणार, ही चिंता त्यांनी तेव्हाच मांडली होती. आजही ती जुनी वाटत नाही.

मात्र एका ठिकाणी आरेंट यांच्याशी माझे पटत नाही. १९६३ च्या ‘ऑन रिव्होल्यूशन’मध्ये त्या म्हणतात की, गरिबांची भूक राजकारणात शिरली आणि फ्रेंच क्रांती भरकटली. देहाच्या गरजा एका बाजूला, स्वातंत्र्य दुसऱ्या बाजूला. आता महाड पाहा. अस्पृश्यांना बंदी असलेले तिथले चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा नगरपालिकेचा ठराव १९२४ चाच. तो दप्तरात पडून होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्यासोबतच्या हजारोंनी तिथले पाणी प्यायले. तहान ही देहाची निव्वळ गरज, तरी ती ओंजळ आरेंट यांच्याच व्याख्येतली कृती होती: सर्वांसमोर, अनेकांच्या साथीने, पुढे काय होईल याची खात्री नसताना केलेला आरंभ. पुढे काय झाले? हल्ला, तळ्याचे ‘शुद्धीकरण’, आणि खटला, जो उच्च न्यायालयात १९३७ मध्ये अस्पृश्यांच्या बाजूने लागला. डिसेंबर १९२७ मध्ये महाडलाच भरलेल्या दुसऱ्या परिषदेत तर बाबासाहेबांनी त्या सभेचे नाते १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी जोडले. केवळ पाणी पिण्यासाठी नव्हे, समतेचा पायंडा पाडण्यासाठी आपण तळ्यावर जातो, असे त्यांनी स्पष्ट केले. आरेंट जिथे क्रांतीची चूक पाहतात, तिथूनच महाडने बळ घेतले.

जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये मांडले. आरेंट यांच्या पहिल्या प्रकारात कोण कायमचे अडकणार, हे इथे जन्मावरून ठरत आले. म्हणजे ती विभागणी स्वतःच राजकारण आहे. घरातही तेच. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार, विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, तर पुरुष ९७. ग्रामसभेला, वॉर्डाच्या बैठकीला बाई का येत नाही, याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही.

श्रमाचे कृतीत रूपांतर व्हायला जागा लागते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांना एकत्र आणले, आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली. पुढे गिरणगावात गेटसभा होत्या, चाळींचे व्हरांडे होते, व्यायामशाळा होत्या. १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले ते याच जागांच्या आधाराने. संप हरला, गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले, आणि भेटण्याची ठिकाणेही गिरण्यांबरोबर गेली.

आज घरोघर डबे आणि सामान पोचवणाऱ्या मुलांना गेट नाही. प्रत्येकाचा मालक त्याच्या फोनमध्ये आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने त्यांची व्याख्या केली, राजस्थानने २०२३ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा केला. कल्याण निधी, नोंदणी हे सारे हवेच. पण खाते अचानक बंद झाले तर कोणाच्या दारात जायचे, आणि शेजारच्या मुलाचेही बंद झाले आहे हे कळायचे कुठे? वसाहतीच्या फाटकाबाहेर दुचाकीला टेकून ऑर्डरची वाट पाहणारी दहा-बारा मुले एकत्र उभी राहिली, की सुरक्षारक्षक त्यांना हटकतो. त्यांना बसायला, बोलायला शहराने हक्काची जागा द्यावी, ही मागणी वेतनाच्या मागणीइतकीच मूलभूत आहे, आणि ती महापालिकेच्या विकास आराखड्यात लिहून घ्यायला हवी.