पेटीतून आलेले पाहुणे

मनुष्याला पशुपक्ष्यांचा लळा असतो, ही गोष्ट नवी नव्हे. आपल्याकडे गोठ्यातील गाईला नाव असते, दारातल्या कुत्र्याला हक्काची भाकरी असते, आणि अंगणात येणाऱ्या चिमण्यांसाठी चार दाणे राखून ठेवण्याची रीत घरोघरी आढळते. परंतु अलीकडे मोठ्या शहरांतून एक वेगळीच हौस वाढीस लागली आहे. दूरदेशीचा, शेजाऱ्यापाशी नसलेला, पाहणाऱ्याने तोंडात बोट घालावे असा प्राणी आपल्या घरी असावा, ही ती हौस होय. तिची किंमत कोण देतो, हे बंगळूर शहराच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल.

विमानतळावर काय सापडले?

ऑगस्ट २०२३ मध्ये बँकॉकहून बंगळूरच्या केंपेगौडा विमानतळावर उतरलेल्या एका प्रवाशाची पेटी सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी उघडली. तीत अजगर, रंग बदलणारे सरडे, इग्वाना, कासवे, मगरी असे २३४ वन्य जीव होते. प्लास्टिकच्या एका डब्यात कांगारूचे पिल्लू होते. ते गुदमरून मेलेले आढळले. पुढच्याच महिन्यात त्याच विमानतळावर आणखी ७८ प्राणी सापडले: ५५ बॉल पायथन जातीचे अजगर, १७ नागराज आणि ६ कापुचिन माकडे. साप जिवंत होते, माकडे मात्र सहाही मेलेली होती. एप्रिल २०२४ मध्ये एका प्रवाशाच्या सामानातून १० पिवळे अॅनाकोंडा निघाले.

ह्या पेट्या जेथे पोहोचावयाच्या असतात, त्या ठिकाणांचीही थोडी कल्पना आली आहे. जानेवारी २०२३ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने बंगळूरजवळच्या एका शेतघराची झडती घेतली, तेव्हा तेथे ४८ जातींचे १३९ परदेशी प्राणी आढळले. असे सुटका झालेले प्राणी बन्नेरघट्टा येथील प्राणी उद्यानासारख्या संस्थांच्या स्वाधीन केले जातात. वाचकहो, येथेच एक कठीण प्रश्न उभा राहतो. दक्षिण अमेरिकेचा साप कर्नाटकाच्या रानात सोडता येत नाही. त्याच्या मूळ देशी त्याला परत घेण्यास कोणी तयार असेलच, असेही नाही. मग तो आयुष्यभर पिंजऱ्यात राहतो आणि त्याच्या पोषणाचा भार सार्वजनिक पैशावर पडतो.

‘पिंजऱ्यातच जन्मलेला आहे’

विक्रेत्याला विचारले, तर एक उत्तर ठरलेले असते: “हा रानातून पकडलेला नव्हे, पिंजऱ्यातच जन्मलेला आहे.” हे उत्तर नेहमीच खोटे असते असे नाही. आपल्याकडे ज्यांना सरसकट ‘लव्हबर्ड’ म्हणतात, ते ऑस्ट्रेलियातील छोटे बजरीगार पोपट पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यांतूनच वाढत आले आहेत. त्यांची पैदास सोपी, खाणे स्वस्त. त्यासाठी रानात जाळे टाकण्याचे कारणच उरत नाही.

परंतु सर्वच प्राण्यांचे तसे नसते. ज्याची पैदास अवघड आणि खर्चाची, असा प्राणी रानातून आणून त्याला ‘पैदास केंद्रातील’ म्हणून विकणे अधिक फायद्याचे ठरते. इंडोनेशियातील हिरव्या अजगरांच्या निर्यातीचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. पैदास केंद्रांच्या नावाने निर्यात होणाऱ्या ह्या अजगरांपैकी निदान ८० टक्के रानातून बेकायदा पकडलेले असावेत, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणजे पैदास केंद्र कागदावर चालते, आणि अजगर रानातून येतो.

उलटपक्षी, बंगळूरला सापडलेले ५५ अजगर निरनिराळ्या रंगांचे होते. असे रंग बहुधा पैदास करणाऱ्यांनी निवडून निवडून तयार केलेले असतात. ह्यापैकी ‘स्पायडर’ नावाच्या रंगप्रकाराबरोबर मज्जासंस्थेचा आनुवंशिक दोषही येतो. तो साप डोके स्थिर धरू शकत नाही. तात्पर्य, पिंजऱ्यात जन्म झाला एवढ्याने तस्करी थांबत नाही आणि प्राण्याचे हालही टळत नाहीत.

आपली कासवे बाहेर

हा व्यापार एकतर्फी नाही. पाठीवर पिवळ्या चांदण्या कोरल्यासारखे दिसणारे आपल्या देशातील ‘स्टार’ कासव परदेशी हौशी लोकांना फार प्रिय आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, भारतातील केवळ एका व्यापारकेंद्रासाठी वर्षाकाठी निदान ५५,००० कासवे रानांतून गोळा केली जात होती. २०१९ साली जिनिव्हा येथील परिषदेत ह्या कासवाला आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीच्या पहिल्या यादीत स्थान मिळाले. त्यापूर्वी, नोव्हेंबर २०१८ मध्ये, सिंगापूरला जप्त झालेली ५१ कासवे विमानाने बंगळूरला परत आणण्यात आली. घरी परतलेल्या अशा कासवांचेही सर्व सुरळीत होत नाही. ती मुळात कोणत्या रानातली, हे ठरविणे कठीण असते, आणि सोडण्यापूर्वी रोगाची तपासणी करावी लागते.

कायदा काय सांगतो?

वन्य प्राणी व वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणारा ‘साइटिस’ करार १९७३ साली वॉशिंग्टन येथे झाला. भारत १९७६ साली त्यात सामील झाला. तथापि आपला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा मुख्यतः देशी जीवांपुरता होता. परदेशी प्राणी विमानतळावर पकडला गेला तर सीमाशुल्काचा कायदा लागू होई. एकदा तो शहरात पोहोचला की विचारणारे फारसे कोणी नसे. २०२० साली सरकारने असे प्राणी बाळगणाऱ्यांना सहा महिन्यांत स्वेच्छेने माहिती देण्याची संधी दिली आणि त्यांच्याकडे मूळ कागदपत्रे मागितली नाहीत. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, करारातील जाती आपल्या कायद्याच्या कक्षेत आल्या. २०२४ च्या नियमांनुसार अशा प्राण्याची नोंदणी ‘परिवेश’ संकेतस्थळावर करणे बंधनकारक आहे. जन्म, मृत्यू आणि हस्तांतर कळविणेही आवश्यक आहे.

आपण काय करावे?

प्रथम, आपल्याच घराकडे पाहावे. पिंजऱ्यातला हिरवा देशी पोपट अनेक कुटुंबांत आजोबांच्या काळापासून दिसतो. परंतु भारतीय वन्य पक्ष्यांचा व्यापार १९९०-९१ पासून बंद आहे आणि असा पोपट बाळगणे हा गुन्हा आहे. दुसरे, विक्रेता परदेशी प्राणी दाखवील तेव्हा तो गोंडस आहे की नाही हे न पाहता आयातीची, पैदाशीची आणि नोंदणीची कागदपत्रे मागावी. टाळाटाळ झाली, तर तेथून उठावे. तिसरे, हौस फिटल्यावर प्राणी तळ्यात सोडू नये. उत्तर अमेरिकेतील लाल कानांचे कासव अशाच रीतीने अनेक देशांच्या जलाशयांत पसरून तेथील कासवांशी स्पर्धा करू लागले आहे. कासवाच्या अंगावरील जंतूंनी मुलांना आजार होतो, म्हणून अमेरिकेने १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीस मनाई केली, हेही ध्यानात ठेवावे. नको झालेल्या प्राण्याविषयी वनखात्याला कळविणे हाच योग्य मार्ग होय.

मुलांच्या मनातील कुतूहल मात्र विझू देऊ नये. खिडकीत पाण्याचे मातीचे भांडे ठेवा. बुलबुल, चिमण्या, दयाळ आपण होऊन येतील. सुटीच्या दिवशी मुलांना तळ्याकाठी न्या, आणि एका झाडावर किती जातींचे पक्षी बसतात ते मोजावयास सांगा. त्या पक्ष्यांपैकी एकही आपल्या मालकीचा नसतो, आणि तरीही त्यांच्या ओळखीचा आनंद पुरेपूर आपला असतो. हौशी माणसाने गिऱ्हाईक होण्याचे नाकारले, तर दूरच्या कोणत्या तरी विमानतळावर एक पेटी रिकामीच राहील.