गार रेड वाइन आणि आदिलाबादचे ताट: गैरसमज आणि वस्तुस्थिती

हलकी रेड वाइन म्हणजे फिकट लाल रंगाची, कमी तुरट आणि आंबटसरपणा ठळक असलेली वाइन. इटलीत तिचे अनेक प्रकार होतात. गार्दा सरोवराच्या पूर्व काठावर बार्दोलिनो, वेरोनाजवळ वाल्पोलिचेल्ला, मोदेना परिसरात फेसाळणारी लांब्रुस्को, उत्तरेच्या डोंगराळ आल्तो आदिजेत स्कियावा आणि दक्षिणेला सिसिलीत फ्रापातो. उन्हाळ्यात या वाइन गार करून रोजच्या जेवणाबरोबर घेतल्या जातात. महाराष्ट्राच्या सीमेवरच्या, तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, जिथे मे महिन्यात पारा 43 ते 45 अंशांवर जातो, तिथे हाच प्रकार सर्वांत सोयीचा. पण रेड वाइनबद्दलच्या ऐकीव नियमांमुळे तो बाजूला पडतो.

पहिला गैरसमज शब्दातच आहे. तेलंगणात दारूच्या दुकानावर ‘वाइन्स’ अशी पाटी असते, त्यामुळे वाइन म्हणजे कोणतीही दारू असा समज पक्का झाला आहे. वाइन ही द्राक्षाचा रस आंबवून होते. ती भट्टीवर गाळत नाहीत. या दृष्टीने तिचे नाते मोहाच्या दारूशी नसून ताडीशी आहे. ताडाचा रस उतरवताच आपोआप आंबू लागतो, तीच क्रिया द्राक्षरसात होते. मोहाची फुले मात्र आधी आंबवतात आणि मग ऊर्ध्वपातनाने अर्क काढतात, म्हणून ती दारू कितीतरी कडक. ताडीत अल्कोहोल साधारण 4 ते 6 टक्के, हलक्या वाइनमध्ये 11 ते 12 टक्के.

सर्वांत घट्ट रुजलेला नियम असा की, पांढरी वाइन गार आणि रेड वाइन ‘रूम टेंपरेचर’ला. हा नियम युरोपातल्या जुन्या घरांचा आहे. तिथल्या, आजच्यासारखी उष्णतेची सोय नसलेल्या खोल्यांमध्ये 16 ते 18 अंश तापमान असे. आदिलाबादच्या घरात दुपारी 35 अंश असताना तोच नियम पाळला, तर वाइन कोमट लागते, अल्कोहोल नाकात चढते आणि फळाचा ताजेपणा हरवतो. घट्ट, तुरट रेड वाइनला 16 ते 18 अंश योग्य. हलकीला 12 ते 14. लांब्रुस्कोला त्याहूनही कमी, 8 ते 10.

मग सगळ्याच रेड वाइन फ्रिजमध्ये का ठेवू नयेत? कारण तुरटपणा. द्राक्षाच्या साली आणि बिया रसात जितका वेळ मुरतात, तितका रंग आणि टॅनिन उतरते. टॅनिन म्हणजे कच्चे जांभूळ किंवा कडक चहा जिभेला आवळतो तो गुण. वाइन गार असताना तो तुरटपणा अधिक जाणवतो, म्हणून घट्ट वाइन फार गार केली की कडवट लागते. हलक्या वाइनमध्ये टॅनिन मुळात कमी असल्याने ती गारव्यात खुलते. फरक द्राक्षाइतकाच कृतीतही असतो. वाल्पोलिचेल्ला ज्या कोर्विना द्राक्षाची, त्याच द्राक्षाचे घोस महिनोन् महिने वाळवून आमारोने ही भारदस्त, जड वाइन होते.

लांब्रुस्को गोडच असते, हाही असाच एक समज. 1970 आणि 1980 च्या दशकांत अमेरिकेत गोड लांब्रुस्को मोठ्या प्रमाणावर विकली गेली आणि नाव बदनाम झाले. मोदेनाच्या घरात जेवणाबरोबर असते ती बहुधा कोरडी, म्हणजे साखर जवळजवळ न उरलेली. तिथले जेवण डुकराच्या मांसाचे, चीजचे, तुपकट. फेस आणि आंबटपणा तो तेलकटपणा तोंडातून धुऊन काढतात.

इटालियन द्राक्षाची वाइन म्हणजे परदेशीच बाटली, असेही मानले जाते. सोलापूर जिल्ह्यातील अकलूज परिसरात इटालियन आणि भारतीय भागीदारांनी 2007 मध्ये फ्रातेल्ली ही कंपनी उभी केली आणि तोस्कानाचे सांजोवेझे हे द्राक्ष तिथल्या मातीत लावले. ‘फ्रातेल्ली’ म्हणजे भाऊ. महाराष्ट्रात ही द्राक्षे पावसाळ्यानंतर छाटून हिवाळ्याच्या अखेरीस काढतात; इटलीत ती सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पिकतात. सांजोवेझे बार्दोलिनोइतके हलके नाही, पण त्याची आंबटसर धार तीच. त्याला 15 अंश पुरेत.

जेवणाबद्दलचा गैरसमज सर्वांत मोठा: मसालेदार मराठी-तेलुगू जेवणाबरोबर वाइन चालतच नाही. हे जड, तुरट, 14-15 टक्क्यांच्या वाइनबद्दल खरे आहे. अल्कोहोल आणि टॅनिन दोन्ही मिरचीची आग भडकवतात. कमी तुरट, कमी कडक आणि गार वाइन ती वाढवत नाही. दुसरी कसोटी आंबटपणाची. ताटातला पदार्थ वाइनपेक्षा आंबट असला की वाइन सपक लागते. अंबाडीची भाजी आणि चिंचेचे सार या जिल्ह्यात नित्याचे, म्हणूनच इथे आंबटसर हलकी वाइन हवी. ज्वारीची भाकरी, पिठले आणि कांदा यांच्याशी ती छान जमते. हिवाळ्यातल्या वांग्याच्या भरताचा धुरकट वास फ्रापातोसारखी फळांच्या सुगंधाची वाइन सावरून घेते. तिखट रश्शाच्या मटणाबरोबर किंचित गोडसर, फेसाळ लांब्रुस्को सर्वांत उत्तम. ठेचा मात्र कोणत्याही वाइनला पेलत नाही. तिथे ताकच खरे.

मासळीबरोबर रेड वाइन नको, या नियमात तथ्य आहे, पण अर्धेच. 2009 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले की, समुद्री खाद्याबरोबर येणाऱ्या उग्र चवीचे कारण वाइनमधले लोह आहे. ते रंगावर अवलंबून नसते. कमी लोहाच्या रेड वाइनमध्ये ती चव उमटत नाही. तळलेल्या मरळीबरोबर, म्हणजे तेलंगणाच्या राज्यमाशाबरोबर, गार हलकी रेड वाइन घेऊन पाहायला हरकत नाही.

बाटली गार करण्यातही चुका होतात. नुसत्या बर्फात ठेवलेल्या बाटलीला बर्फ मोजक्या जागीच टेकतो. बर्फ आणि पाणी निम्मे-निम्मे घेतले, तर 35 अंशांची बाटली 15 ते 20 मिनिटांत योग्य तापमानाला येते. फ्रिजला अडीच-तीन तास लागतात. ओल्या फडक्याने किंवा माठाच्या पाण्याने ती 20 अंशांच्या खाली सहसा जात नाही. पेल्यात बर्फ टाकल्यास वाइन पाणचट होते, म्हणून थोडी थोडी ओतावी. उन्हाळ्यात बाटली कपाटात महिनोन् महिने ठेवली तर उष्णतेने वाइन शिजल्यासारखी होते. जुनी वाइन चांगली, हा नियमही या प्रकाराला लागू नाही. ती एक-दोन वर्षांत संपवण्यासाठीच केलेली असते.

‘हलकी’ हा शब्द चवीपुरता आहे. साडेअकरा टक्क्यांच्या 150 मिलिलिटर वाइनमध्ये जवळपास 14 ग्रॅम अल्कोहोल असते, साधारण एका छोट्या बिअरइतके. रेड वाइन हृदयाला चांगली, हा समज तर आता टिकत नाही: जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट केले की, अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण आरोग्याला निर्धोक नाही. तेलंगणात 21 वर्षांखालील व्यक्तीला ते विकणे कायद्याने गुन्हा आहे.