काळ्या दगडाच्या पोटात : सिन्नरची एक सहकुटुंब सहल

शिर्डीच्या दर्शनाला निघालेल्या कुटुंबांपैकी पुष्कळांच्या बेतात सिन्नरच्या ‘गारगोटी’ या खनिज-संग्रहालयाचे नाव हल्ली आढळते. परंतु ते बहुधा ‘वाटेत वेळ उरला तर’ या सदराखाली, चहापान आणि पेट्रोलपंप यांच्या मधोमध कोठेतरी नोंदलेले असते, आणि त्यामुळे दालने धावत्या पावलांनी ओलांडून, चार छायाचित्रे घेऊन, मंडळी पुन्हा मोटारीत बसतात. माझ्या मते हा त्या संग्रहालयावर अन्याय आहे आणि बरोबरच्या मुलांवर त्याहून अधिक. या स्थळासाठी एक सबंध दिवस राखून ठेवावा, आणि त्या दिवसाचा पूर्वार्ध संग्रहालयाच्या बाहेरच घालवावा, अशी माझी सूचना आहे.

नाशिकहून पुण्याच्या रस्त्याने सुमारे ३० किलोमीटरवर सिन्नर लागते. तेथील माळेगावच्या औद्योगिक वसाहतीत, कारखान्यांच्या शेजारात, के. सी. पांडे यांनी २००१ साली हे संग्रहालय उभे केले. सरकारी वस्तुसंग्रहालयांच्या मानाने ते लहान आहे. परंतु जिच्यावर आपण पिढ्यान्‌पिढ्या नांगर चालवीत आलो त्या भूमीच्या पोटात काय दडले आहे, हे इतक्या थोड्या जागेत दाखविणारे दुसरे ठिकाण माझ्या पाहण्यात नाही.

हे पोट कसे भरले, ते घरीच, निघण्याच्या आदल्या रात्री, मुलांना सांगून ठेवावे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाला पडलेल्या भेगांतून लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा नवा थर आला. आणि असे थरांवर थर चढून आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर व्यापणारे दख्खनचे पठार तयार झाले. प्रत्येक थर थिजताना त्यातील वायू वर चढत असे आणि बाहेर पडण्याआधीच दगड घट्ट झाला म्हणजे बुडबुड्याच्या जागी पोकळी राही. पुढे दीर्घकाळ त्या पोकळ्यांतून झिरपणाऱ्या उष्ण पाण्याने खडकातील सिलिका, अ‍ॅल्युमिना, चुना आणि सोडा विरघळवून आणला व भिंतींवर स्फटिकरूपाने जमविला. थराचा माथा असा सच्छिद्र, आणि मधला भाग मात्र घट्ट, एकजीव. बांधकामाला उपयोगी पडतो तो हा मधला दगड; स्फटिक सापडतात ते बहुतांशी माथ्यात.

म्हणूनच सकाळचा पहिला मुक्काम सिन्नर गावातील गोंदेश्वराच्या मंदिरात असावा. यादवकाळातील हे शिवपंचायतन, म्हणजे मधले मोठे शिवालय आणि चार कोपऱ्यांवरची चार लहान देवळे, याच काळ्या पाषाणात उभारलेले आहे. शिल्पांचे कौतुक वडीलधाऱ्यांनी अवश्य करावे. पण मुलांना तेथे एकच काम द्यावे : दगड निरखण्याचे. त्यानंतर वाटेत एखाद्या नव्या विहिरीच्या काठावर उपसलेल्या दगडांचा ढीग दिसला, तर मालकाची परवानगी घेऊन तोही पाहावा. राखी दगडात हरभऱ्याएवढे पांढरे ठिपके दिसले, तर ती भरून गेलेली पोकळी होय. खडीच्या खाणीत मात्र मुलांना नेऊ नये. तेथे सुरुंग चालतात. पुणे, नाशिक, जळगाव या भागांतील उत्तमोत्तम नमुने खाणींतून आणि विहिरींतूनच बाहेर आले, आणि त्यांचे मोल कळण्यापूर्वी किती स्फटिक खडीबरोबर रस्त्याखाली गाडले गेले असतील, याचा हिशेब कोणाच्याही दप्तरात नाही. बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ मध्ये पुरा झाला. तो घाट फोडताना उघड्या पडलेल्या खनिजांची ख्याती तर त्याच शतकात विलायतेपर्यंत पोहोचली होती.

इतकी तयारी झाल्यावर, दुपारच्या उन्हात, संग्रहालयात शिरावे. सर्व काही पाहण्याचा अट्टहास सोडावा. प्रत्येकाने दोन-तीन नमुने निवडून त्यांच्यापुढे निवांत थांबावे. माझी निवड विचाराल तर पहिली कॅव्हन्साइटची. हे खनिज प्रथम अमेरिकेतील ऑरेगॉनमध्ये ओळखले गेले, तथापि त्याचे जगातील सर्वांत देखणे स्फटिक पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींनी दिले. पांढुरक्या स्टिल्बाइटवर बसलेला तो गर्द निळा झुबका पाहून ‘हा रंग वरून दिला आहे काय?’ असे कोणी ना कोणी विचारतेच. रंग व्हॅनेडियम धातूचा आहे. दुसरा ओकेनाइट : पिंजलेल्या कापसाचा गोळा दगडाच्या खोबणीत ठेवावा तसा, परंतु एकेक तंतू म्हणजे स्वतंत्र स्फटिक, आणि बोट लागताच कायमचा दबणारा. तिसरा अपोफिलाइट. याच्यासमोर उभे न राहता डावीकडून उजवीकडे हळूहळू सरकावे. एका विशिष्ट कोनावर त्याचा माथा मोत्यासारखा चमकून उठतो आणि पुढच्या पावलाला विझतो.

यांतील स्टिल्बाइट ज्या झिओलाइट कुळातला, त्या कुळाचे नामकरण क्रोनस्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५६ मध्ये केले. यांच्या घडणीतच पाणी असते आणि तापविल्यावर ते निघून जाते. पाण्यातील कॅल्शियम घेऊन त्याऐवजी सोडियम सोडण्याचा गुणही त्यांत आहे, आणि याच गुणासाठी कृत्रिम झिओलाइट कपडे धुण्याच्या पावडरीत घालतात. संग्रहालयातील वस्तूचा न्हाणीघराशी असा संबंध आहे असे कळले, की कंटाळलेले मूलही पुन्हा काचेशी येते.

उरला व्यवहार. उघडण्याची वेळ, सुट्टीचा वार आणि प्रवेशशुल्क यांची चौकशी आदल्या दिवशी दूरध्वनीवरून करावी. वृद्धांसाठी मध्ये बसण्याची सोय आहे किंवा नाही, हेही त्याच वेळी विचारावे. औद्योगिक वसाहतीत मनाजोगे जेवण मिळेलच या भरवशावर राहू नये. दशम्या बरोबर घ्याव्यात किंवा सिन्नर गावातच जेवून निघावे. आठवण म्हणून दगड विकत घ्यायचा झाला, तर बाजारात मिळणारे भडक गुलाबी व निळे अकीक बहुधा रंगविलेले असतात, हे ध्यानात ठेवून लहानसा पण अस्सल स्टिल्बाइट मागावा. मुंबईकडे परतणाऱ्यांना महामार्गालगतची नाशिकची पांडवलेणी त्याच संध्याकाळी पाहण्याचा मोह होईल; एकाच काळ्या खडकाचे तिसरे रूप म्हणून ती पाहावीतही, मात्र बऱ्याच पायऱ्या चढाव्या लागतात, म्हणून आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांना खाली गाडीत बसवून ठेवण्यापेक्षा लेणी दुसऱ्या दिवसावर टाकून नाशिकातच मुक्काम करणे श्रेयस्कर.